पायवाट पां

आमच्या शाळेत कविता वाचायची पद्धत नव्हती, म्हणायची होती. वर्गात पन्नासेक पोरं, खिडकीतून येणारी केळीच्या बागेची दमट हवा, आणि बाईंच्या हातात लाकडी पट्टी. पट्टीचा मार क्वचितच बसायचा, ती मुख्यतः टेबलावर ताल धरण्यासाठी होती. 'ऐल तटावर', टक्. 'पैल तटावर', टक्. 'हिरवाळी घेउन', टक्. चार ओळी पलटणीसारख्या पाय आपटत जायच्या. मग पाचवी ओळ यायची, 'पायवाट पांढरी', आणि सगळा वर्ग एका तालात ओरडायचा: 'पायवाट पां', टक्, 'ढरी तयांतुनि', टक्. 'पां' म्हटलं की मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसायचंच. वर्गातल्या एका गोऱ्यापान मुलाला पुढे दोन वर्षं सगळे 'पां' म्हणूनच हाक मारायचे. बाई वैतागायच्या. "पांढरी हा एक शब्द आहे, तोडू नका," म्हणायच्या आणि पुन्हा पट्टी आपटायच्या. पट्टी पडली की शब्द तुटायचा. त्यांचाही इलाज नव्हता आणि आमचाही.

ती कविता म्हणजे बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी आहेत, त्यामुळे सगळी इथे ठेवता येते:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, आमच्याच जिल्ह्यातले. १८९० साली धरणगावात जन्म. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या पोरसवदा कवीने कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव कायमचं चिकटलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वय २७.

मी जळगावला एका बँकेत कॅशिअर होतो आणि राहायला भुसावळात. म्हणजे पंचवीसेक किलोमीटरचं रोजचं अप-डाऊन, मध्ये भादली. मोजणं हा माझा धंदा. दिवसभर नोटा मोजून झाल्यावर माणूस गाडीतही काहीतरी मोजत बसतो, डबे, खांब, नाहीतर समोरच्याच्या शर्टाची बटणं. असाच एकदा मी 'औदुंबर' बोटांवर मोजायला घेतली. मात्रा मोजायची रीत शाळेत शिकवलेली असते आणि शाळेबरोबरच विसरलेली असते. ऱ्हस्व अक्षराची १, दीर्घाची २. पुढच्या जोडाक्षराचा जोर मागच्या ऱ्हस्वावर आला तर त्याच्याही २. मात्र 'हिरव्या'तल्या 'र'वर तसा जोर येत नाही, म्हणून तो बिचारा एकाचाच राहतो. नियम एवढाच. बाकी सगळं कानाचं काम.

'ऐल तटावर', ८. 'पैल तटावर', ८. 'हिरवाळी घेउन', १०, आणि शेवटचा 'न' म्हणताना लांबतो, म्हणून ११. एकूण २७. 'निळासांवळा', ८. 'झरा वाहतो', ८. 'चार घरांचे', ८. 'गांव चिमुकले', ८. 'शेतमळ्यांची', ८. 'दाट लागली', ८. पहिल्या चार ओळींत आठाच्या प्रत्येक जागी एक शब्द संपतो आणि दुसरा सुरू होतो. शेताचे बांध सरळ पडलेले असावेत तसे. पट्टी बांधावरच आपटते, पिकात पडत नाही.

मग 'पायवाट'. सहा. आठ व्हायला दोन हवेत, आणि त्या दोन 'पां'मध्ये आहेत. बांध 'पांढरी'च्या अंगावरून जातो. पुढची ओळ: 'हिरव्या कुरणां', ८, आणि 'मधुन' बांधाच्या पलीकडे. पुन्हा शब्द चिरला. सातवी ओळ: 'झांकळुनी जळ', ८. 'गोड काळिमा', ८. आठवी: 'पाय टाकुनी', ८. 'जळांत बसला', ८. पुन्हा सगळं सरळ.

मी ते दोनदा मोजलं. आठ ओळींपैकी फक्त दोनच ओळींत शब्द पहिल्याच आठाचा बांध ओलांडून जातात, आणि त्या नेमक्या पायवाटेच्या दोन ओळी आहेत. पायवाट 'अडवीतिडवी पडे' असं कवी सांगतो, आणि ज्या ओळीत सांगतो तीच ओळ बांध मोडून आडवी जाते. खेड्यात वाढलेल्याला पायवाट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पायवाट बांधाला विचारत नाही, लोकांच्या शेतातून तिरकी जाते. आम्ही पन्नास पोरं ज्या जागी हसायचो, ती जागा कवितेतली सगळ्यात खरी जागा होती, आणि बाईंची पट्टी ती सरळ करू पाहत होती.

इथे मी स्वतःलाच दटावलं. कॅशिअरला बेरीज जुळली की आनंद होतो, पण जुळलेली प्रत्येक बेरीज बरोबर असतेच असं नाही. म्हणून त्याच कवीची दुसरी कविता घेतली, 'श्रावणमासी हर्ष मानसी'. तिथेही आठाआठाचे बांध आहेत, आणि ओळींमागून ओळी सरळ जातात. पण एक ओळ आहे: 'झालासा सूर्यास्त वाटतो, सांज अहाहा! तो उघडे'. 'झालासा सू' इथे आठ भरतात. सूर्यास्त मधोमध चिरला गेला. अर्थ काढायचा तर केवढा मोह! सूर्यास्त झालाय असं नुसतं वाटतं, खरा झालेलाच नाही, म्हणून शब्द अर्धवट तुटला, वगैरे. असं लिहिलं तर कोणी विरोधही करणार नाही. पण मला ते पटत नाही. कधीकधी शब्द बांधावर पडतो तो केवळ लांब असतो म्हणून. एखादी जागा फुटली तर अपघात असू शकतो. 'औदुंबर'मध्ये लागोपाठ दोन ओळी फुटतात, दोन्ही एकाच वाटेच्या, आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे सगळं शाबूत. एवढ्यावर मी माझा निकाल देतो. बालकवींनी हे बोटांवर मोजून केलं असेल असं मात्र मला बिलकुल वाटत नाही. सुताराला रंधा मारताना लाकडाची शीर हाताला कळते, तो पट्टीने मोजत नाही. मोजायचं काम मागाहून येणाऱ्या माझ्यासारख्याचं.

त्या ओळीत अजून एक गंमत आहे. 'हिरव्या कुरणांमधुन चालली', किती हलकी, भुरभुर अक्षरं आहेत बघा, 'हिर', 'कुर', 'मधुन'. आणि मग 'काळ्या डोहाकडे'. का, ळ्या, डो, हा. सलग चार दीर्घ. वाट पळत आली आणि डोहाजवळ तिचे पाय जड झाले. त्याच्या उलट श्रावणातली 'क्षणात येते सरसर शिरवे', तिथे 'सरसर शिर' अशी सहा ऱ्हस्व अक्षरं एकामागोमाग ओघळतात आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला 'ऊन' येतं, दीर्घ, थांबलेलं. ओळीचे दोन्ही भाग 'क्षणात' याच शब्दाने सुरू होतात, म्हणजे पाऊस आणि ऊन यांना मुहूर्त एकच. लहानपणी हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. सरी आणि ऊन दोन्ही तोंडात येत होतं.

'औदुंबर'मधली क्रियापदं एका खाली एक लिहून पाहिली: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. झरा वाहतो, वाट चालते, काळिमाही पसरतो. सगळं कुठे ना कुठे निघालंय. शेवटी एकच जण बसलाय, आणि तोही पाण्यात पाय सोडून, नदीवर कपडे धुवायला आलेल्या आईची वाट बघणाऱ्या पोरासारखा. या आठ ओळींवर मराठी समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. हा औदुंबर म्हणजे संन्यासी, हा म्हणजे मृत्यूच्या काठावर बसलेला जीव, की हा नुसता औदुंबर? मी त्या भांडणात पडत नाही. मला एवढंच दिसतं की 'काळिमा' हा शब्द आपण एरवी तोंडाला फासायला वापरतो, आणि इथे त्याच्यामागे 'गोड' लागलंय. 'असला' या शब्दाचंही तसंच. 'असला औदुंबर' म्हणजे असा औदुंबर, समोर बोट दाखवून म्हटल्यासारखं. पण 'बसला असला' असं जोडीने ऐकू येतं तेव्हा 'बसला असेल, कोण जाणे' अशीही एक सावली पडते. कवीने दार थोडं उघडं ठेवलं. ज्याला आत जायचं त्याने जावं.

आता तक्रार. दहावीला आम्हाला रसग्रहणाचा प्रश्न असायचा. त्याचा साचा ठरलेला: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. 'प्रस्तुत कवितेत कवीने अनुप्रास अलंकाराचा सुरेख वापर केला आहे.' हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चालायचं. एकदा मी अलंकार ओळखायच्या जागी 'ही ओळ म्हणताना श्वास अडकतो' असं लिहिलं होतं. आमच्या सरांनी लाल पेनाने काट मारली आणि समासात लिहिलं, 'विषयाला धरून लिहावे'. सर वाईट नव्हते. पेपर तपासायचे गठ्ठेच तेवढे असत. पण त्या काटेने मला पंधरा वर्षं कवितेच्या तंत्राबद्दल घृणा आली. पुढे मी दुसऱ्या टोकाला गेलो. कविता अनुभवायची असते, तिची चिरफाड करायची नसते, असं म्हणणाऱ्या लोकांत मी सामील झालो. ते लोक फार सुखी असतात. त्यांना कवितेबद्दल कधीच काही सिद्ध करावं लागत नाही. पण त्यांना 'पायवाट पां'ही कधी सापडत नाही.

चिरफाड हा शब्दच चुकीचा. घड्याळ उघडून पाहिलं म्हणून ते बंद पडत नाही. मी आता कवितेला एकच गोष्ट करून पाहतो. एक शब्द जागचा हलवतो आणि काय हरवलं ते बघतो. हे मी शिकलो आजीकडून, आणि आजीला लिहितावाचता येत नव्हतं.

आजीचं माहेर आसोद्याकडचं. बहिणाबाई चौधरींचंही माहेर आसोदे. १८८० चा जन्म, सासर जळगाव. आमच्या आजीला बहिणाबाईंचा अभिमान असायचा तो नात्यातल्या बाईचा असावा तसा. नातं काही नव्हतं. जात्यावर बसली की ती बहिणाबाईंची गाणी आणि गावच्या ओव्या एकातच मिसळून म्हणायची, कुठे एक संपलं आणि कुठे दुसरं सुरू झालं ते कळायचं नाही. मी शाळेतून नुकताच मात्रा शिकून आलो होतो. तिच्यासमोर बसून बोटं मोडायला लागलो आणि काही केल्या हिशेब लागेना. 'अरे संसार संसार', 'जसा तवा चुल्ह्यावर', मात्रा एकीकडे कमी, एकीकडे जास्त. मी तिला म्हटलं, आजी, हे चुकलंय. ती म्हणाली, "मोजू नको रे बापा, म्हन."

मोजायचंच असेल तर तिथे अक्षरं मोजायची असतात, मात्रा नाही, हे मला फार उशिरा कळलं. अ-रे-सं-सा-र-सं-सा-र, आठ. ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र, आठ. आ-धी-हा-ता-ला-च-ट-के, आठ. तं-व्हा-मि-ळ-ते-भा-क-र, आठ. अभंगाचीही हीच जात. ऱ्हस्व-दीर्घाला इथे भाव नाही, कारण अक्षर किती लांबवायचं ते हात ठरवतो. आजीचा एक फेरा आणि एक चरण बरोबर संपायचे. घास जड पडला तर 'संसाऽऽर' लांबायचा, जातं हलकं झालं तर आखडायचा. बालकवींचा बांध कागदावर आहे. बहिणाबाईंचा खुंट्यावर.

आता तो शब्द हलवायचा खेळ.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर

समजा मी म्हटलं, 'भाकर मिळते ती हाताला चटके बसल्यावर'. अर्थात तसूभर फरक नाही. पण भाकर आधीच ताटात पडली आणि चटके मागून आले, म्हणजे ते आता नुसती माहिती झाले. बहिणाबाईंच्या ओळीत सोळा अक्षरं आहेत आणि भाकर अगदी शेवटच्या तीन अक्षरांत येते. तेरा अक्षरं थांबावं लागतं. त्या तेरांत 'चटके' आहे, च-ट-के, तव्याला बोट लागलं की हात जेवढ्या वेगाने मागे येतो तेवढ्या वेगाचा शब्द. कोणी याला अलंकाराचं नाव विचारलं तर मला सांगता येणार नाही. हे वाक्य चुलीपुढे घडतं त्या क्रमाने घडतं, बस.

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर

वढाय म्हणजे ओढाळ, दावं तोडून दुसऱ्याच्या रानात शिरणारं जनावर. ढोर हाकलणारा माणूस कधीही एकदाच हाकलत नाही, म्हणून 'वढाय वढाय', 'हाकला हाकला'. पण माझं लक्ष 'पीक' या शब्दाकडे जातं. पहिल्या ओळीत ढोर पिकात आहे. दुसऱ्या ओळीत त्याला हाकललं, चांगलं दोनदा हाकललं, आणि ओळ संपताना पुन्हा तोच शब्द, पिकांवर. मन परत येतं असं सांगून बाई थांबली नाही, शब्दच परत आणून उभा केला. ज्याने आयुष्यात कधी राखण केली आहे त्याला या ओळीवर हसू येतं आणि दमल्यासारखंही होतं.

यमकाचं तिचं कौशल्य आणखी वेगळं आहे.

बिना कपाशीनं उले त्याले बोंड म्हनू नहीं
हरी नामाईना बोले त्याले तोंड म्हनू नहीं

'म्हनू नहीं' दोन्ही ओळींच्या टोकाला आहेच, ते टाळ्या वाजवणाऱ्यासारखं नुसतं साथ देतं. खरं यमक आत बसलंय: बोंड, तोंड. बोंड उलतं म्हणजे फुटतं, उमलतं, आत कापूस असेल तर दिसतो. तोंडही उघडतं. कपाशीच्या मुलखातल्या बाईला या दोन गोष्टी एकसारख्या दिसल्या आणि भाषेने आधीच दोघांचा आवाज एकसारखा करून ठेवला होता. यमक शोधावं लागलं नाही, वेचावं लागलं. हा सगळा ऐवज त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरींनी, जपला. आचार्य अत्र्यांच्या हाती तो पडला आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, पुस्तक निघालं. त्या स्वतः ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. आपलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी वाचता आलं नसतं.

तिसरा कवीही आमच्याच जिल्ह्याचा निघावा हा योगायोग. आडनावाने तो साताऱ्याकडचा, पण १९०९ साली जन्मला फैजपूरला. बाळ सीताराम मर्ढेकर. माझी त्यांच्याशी पहिली गाठ पडली कॉलेजच्या वाचनालयात, आणि त्या दिवशी मी एक गुन्हा केला. 'काही कविता' हा त्यांचा १९४७ चा संग्रह. त्यात ही कविता:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

पहिल्याच ओळीत मी अडलो. 'ओल्या उंदिर'? उंदीर अनेक असतील तर ते ओले, ओल्या कसे? मला वाटलं छापखान्याची चूक. मराठी चांगलं असल्याचा गर्व होताच. खिशातून पेन्सिल काढली, 'ल्या' खोडून 'ले' केलं, आणि समाधानाने पुस्तक परत दिलं.

खूप नंतर, अप-डाऊनच्याच दिवसांत, लक्षात आलं की 'ओल्या' पिपाला लागू आहे. ओल्या पिपांत मेले उंदिर. मधला शब्द आपल्या जागेवरून सुटून वाहत जाऊन उंदरांना जाऊन चिकटलाय. आता कोणी म्हणेल, वृत्तात बसवण्यासाठी केलं असेल, कवी करतातच. म्हणून मी मोजलं. 'पिपांत मेले', ८. 'ओल्या उंदिर', ८. मग सरळ करून मोजलं. 'ओल्या पिपांत', ८. 'मेले उंदिर', ८.

मी भादलीच्या जवळपास कुठेतरी होतो आणि मला चक्क घाम फुटला. सरळ ओळ वृत्तात चपखल बसते, बांधावर शब्दसुद्धा फुटत नाही. मर्ढेकरांना ती फुकट मिळत होती. तरी त्यांनी ती मोडली. बालकवींच्या पायवाटेबद्दल मी माझा अंदाज सांगू शकतो. इथे मात्र मोडतोड हिशेबाने केलेली आहे. त्या एका हलवलेल्या शब्दामुळे वाचकाचा पाय घसरतो. ओलं काय आहे, पीप की उंदीर, हे क्षणभर कळत नाही. पाण्यात बुडालेल्या वस्तूंचं असंच होतं, कोणाचं काय ते राहत नाही. सरळ ओळ बातमी सांगते. मोडलेली ओळ पिपात ढकलते.

आणि हे सगळं कोणत्या चालीत? आठ-आठ मात्रांच्या सोळात. पाळणा हलवत म्हणावी अशी चाल. बाईंच्या पट्टीवर ही कविता बिनचूक म्हणता येईल, कुठेही 'पां' होणार नाही. 'गरिब बिचारे बिळांत जगले, पिपांत मेले उचकी देउन' हे लहान मुलाला मांडीवर घेऊन म्हणता येईल, आणि तेच अंगावर येतं. हीच कविता मुक्तछंदात आक्रोश करत आली असती तर मी चार ओळींत पान उलटलं असतं. गोडव्याने ती आत शिरते आणि आत आल्यावर दार लावून घेते.

पुढे दोन ओळींवर आवाज चढतो: 'जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे'. चौथ्या ओळीतली 'आसक्ती' आठवते? तिथे तो शब्द 'आसक्तीविण' असा आला होता. म्हणजे आसक्ती नाही. इथे 'आ'ही गळून गेला आणि उरली सक्ती. मला हे दिसलं तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. या शोधाला दहावीच्या पेपरात किती गुण मिळाले असते कुणास ठाऊक.

वाचनालयातली ती प्रत दुरुस्त करायला मी कधी गेलो नाही. जायचं ठरवलं होतं, एकदोनदा त्या रस्त्याने गेलोही. पण खोडरबर घेऊन शेल्फासमोर उभं राहणार आणि कोणी विचारलं तर काय सांगणार? 'ले'चं 'ल्या' करायचंय? तिथे अजूनही माझी पेन्सिल असेल तर एखादा मुलगा ओळ सरळ वाचत असेल, त्याला काहीच टोचत नसेल. उंदीर ओले आहेत, मेले आहेत, ठीक आहे.

आता निवृत्त झालो तरी आठवड्यातून एकदा जळगावला चक्कर असते. सवयीने बोटं चालतात. अंगठा पेरांवरून फिरत जातो, तर्जनीवर तीन, मधल्यावर तीन. समोर बसलेले एक काका परवा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. त्यांना जप वाटला असावा. भादली आली, गाडीने वेग कमी केला, पलीकडे केळीच्या हिरव्या रांगा सरळ आखलेल्या, आणि त्यांच्यामधून एक पांढरी वाट तिरकी निघून गेलेली.

"काय मोजता हो?" त्यांनी विचारलं.

"कविता."

ते हसले. वेड्याला दुखवू नये तसे. "मग? किती भरली?"

"सत्तावीस," मी म्हणालो, आणि गाडी हलली.